परसातले कागदी लिंबू

ज्यांची फळे तोडून तशीच खाल्ली जात नाहीत, पण ज्यांच्यावाचून स्वयंपाकघराचे अडते, अशी काही झाडे वऱ्हाडातल्या घरांभोवती परंपरेने लावली जातात. त्यांपैकी चिंचेला मोठा वाडा किंवा शेताचा बांध लागतो, बियांपासून वाढवलेले कवठ फळावर यायला आठ-दहा वर्षे सहज घेते आणि आवळ्याचा हंगाम दोन-तीन महिन्यांत आटोपतो. त्यामुळे अमरावती-अकोल्याच्या शहरी वस्त्यांत, जिथे घरामागे पंधरा फूट मोकळी जागा उरली तरी पुष्कळ, तिथे या गटातले कागदी लिंबूच प्रामुख्याने टिकून आहे. या झाडाची व्यापारी लागवडही याच भागात आहे आणि अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यातले वाडेगाव तर लिंबासाठीच ओळखले जाते. मात्र शेतातल्या लिंबाचे आणि परसातल्या लिंबाचे दुखणे एक नसते. शेतातले झाड बहुधा पाण्याच्या टंचाईने खंगते. परसातले झाड बऱ्याचदा पाण्याच्या लाडाने मरते, आणि त्याच्या संगोपनातला अवघड भाग पाणी घालण्यात नसून ते कुठे घालू नये व कधी तोडावे हे ओळखण्यात आहे.

संत्रा, मोसंबी, कवठ, बेल आणि कढीपत्ता ज्या कुळात मोडतात त्याच रुटेसी कुळातले हे झाड असून त्याची फळे पातळ सालीमुळे कागदी म्हणून ओळखली जातात. जनुकीय अभ्यासांवरून असे दिसते की कागदी लिंबू हा मुळात एक संकर आहे. त्याचे एक जनक म्हणजे जाड सालीचे महाळुंग आणि दुसरे फिलिपिन्स बेटांकडची, लहान व कडवट फळांची एक रानटी जात. असा संकर बियांपासून वाढवला की पुढच्या पिढीत गुण विस्कटायला हवेत, पण लिंबाच्या बाबतीत तसे सहसा होत नाही, कारण त्याच्या एका बीत अनेकदा एकाहून अधिक भ्रूण असतात आणि त्यांतले बहुतेक परागीभवनातून न बनता मातृवृक्षाच्याच ऊतींपासून बनलेले असतात. या गुणाला बहुभ्रूणता म्हणतात. एक बी पेरली असता दोन किंवा तीन रोपे वर आलेली दिसतात ती यामुळेच, आणि अशी रोपे गुणांनी आईची हुबेहूब प्रत असतात.

स्वयंपाकघरासाठी लावलेले झाड म्हणून वऱ्हाडात जे स्थान लिंबाचे, तेच इंग्लंडच्या परसात आंबट, शिजवूनच खाण्याजोग्या सफरचंदाचे आहे. तिथल्या सर्वांत नावाजलेल्या ब्रॅम्ली या वाणाचे पहिले झाड साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ मध्ये पेरलेल्या बीपासून उगवले आणि आज जगात जिथे जिथे हे सफरचंद आहे तिथे ते त्या एका झाडाच्या काडीवरून, कलमाने कलम करत पोचले आहे, कारण त्याची बी पेरली तर ब्रॅम्ली मिळत नाही. सफरचंदाच्या बहुतेक जुन्या वाणांना कळ्या फुटण्यासाठी हिवाळ्यात सात अंश सेल्सिअसखालचे हजारभर तास लागतात, आणि वऱ्हाडातल्या हिवाळ्यात तेवढी थंडी कुठून मिळणार? लिंबाला उलट कडाक्याची थंडीच मानवत नाही. तापमान तेरा अंशांच्या आसपास उतरले की त्याची वाढ थांबते, तर पाणी व मुळांवर सावली मिळाल्यास अकोल्याचा पंचेचाळीस अंशांचा मे महिना ते पानांच्या कडा करपूनही निभावून नेते.

बी पेरून झाड वाढवायचे असल्यास ती फळातून काढल्यावर लगेच धुऊन पेरावी लागते, कारण वाळवून ठेवलेल्या लिंबाच्या बीची उगवणशक्ती झपाट्याने जाते. संत्र्याचे मात्र असे चालत नाही. त्याचा डोळा, म्हणजे फांदीवरची एक कळी सालीसह काढून, जंबेरी किंवा रंगपूर लाइम या कणखर मुळांच्या खुंटावर बांधतात, आणि वरूड तालुक्यातले शेंदुरजनाघाट अशा रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. वाणांचा विचार केला तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने निवडलेले वाण या हवामानात पारखलेले असल्यामुळे ते प्रथम पाहावेत. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या वाणांपैकी ‘पीडीकेव्ही चक्रधर’ हा बिनबियांचा व बिनकाट्यांचा वाण लहान मुले खेळतात अशा अंगणासाठी विशेष सोयीचा आहे. परभणीचा ‘विक्रम’ व ‘प्रमालिनी’ हे घोसाने फळ देणारे वाण आणि राहुरीचा ‘साई सरबती’ हेही महाराष्ट्रात रुळलेले आहेत.

वऱ्हाडची काळी कसदार जमीन कापसाला जितकी मानवते तितकी लिंबाला मानवत नाही, ही गोष्ट परसबाग करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार असते. ती पाण्याने फुगते, वाळली की हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि पावसाळ्यात दिवसेंदिवस पाणी धरून बसते. लिंबाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे, ज्यांना तंतुमुळे म्हणतात, मुख्यतः वरच्या दीड-दोन फुटांच्या थरात पसरलेली असतात व त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते; मातीची सारी पोकळी पाण्याने भरली की ती गुदमरतात आणि मग सडतात. म्हणून खोल काळ्या मातीत झाड खड्ड्यात बसवण्यापेक्षा उंचवट्यावर बसवणे श्रेयस्कर ठरते. साठ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा, तळाशी विटांचे तुकडे किंवा मुरूम घालावा, निघालेल्या मातीत कुजलेले शेणखत व थोडी रेती मिसळून तो भरावा, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर रोप अशा बेताने लावावे की भोवतालच्या जमिनीपेक्षा त्याचा बुंधा वीतभर उंच राहील. भिंतीपासून आठ-दहा फूट अंतर आणि दिवसातून सहा तास तरी ऊन एवढे मिळाले की जागेबद्दल आणखी चिकित्सा करण्याचे कारण नाही.

परसातल्या लिंबाचा खरा शत्रू मोरीचे पाणी. जुन्या घरांत मोरीचे सांडपाणी बाहेर जिथे निघते तिथे अळू, केळ आणि लिंबू लावण्याची रीत होती. अळू आणि केळ तिथे माजतात, पण साबणाचे क्षार व कायमची ओल यांमुळे लिंबू चार-पाच वर्षे बरे दिसून ऐन फळाच्या वयात पिवळे पडू लागते. नळाची तोटी बुंध्याशी सोडण्याची सवयही तितकीच घातक आहे. ओल्या मातीत फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसदृश सूक्ष्मजीव वावरतो, त्याचे बीजाणू शेपटीसारख्या तंतूंच्या साहाय्याने पाण्यात अक्षरशः पोहतात, आणि बुंध्याची साल दिवसचे दिवस भिजलेली राहिली की ते तीत शिरकाव करतात. मग जमिनीलगतची साल काळपट व ओलसर होते, तिला उभ्या चिरा पडतात व त्यांतून मधाच्या रंगाचा डिंक पाझरतो. या रोगाला शेतकरी डिंक्या म्हणतात. सडलेली साल बुंध्याच्या चहूबाजूंनी फिरली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरणे बंद होते आणि झाड उभ्याउभ्या वाळते. मालक अशा वेळी झाड सुकते आहे असे समजून आणखी पाणी ओततो.

यावरचा उपाय म्हणजे दुहेरी बांगडी पद्धतीचे आळे. बुंध्याभोवती साधारण हातभर अंतरावर मातीचा एक गोल वरंबा घालायचा व त्याच्या आतली जागा बुंध्याकडे चढती व कोरडी ठेवायची, दुसरा वरंबा फांद्यांच्या घेराखाली घालायचा, आणि पाणी केवळ या दोन वरंब्यांमधल्या गोल पट्ट्यात सोडायचे. तंतुमुळे बाहेरच असल्यामुळे झाडाला काही कमी पडत नाही आणि साल कोरडी राहते. झाड वाढेल तशी ही बांगडी दरवर्षी बाहेर सरकवावी. पट्ट्यात पऱ्हाटीच्या कुट्टीचे किंवा वाळल्या पाल्याचे चार बोटे जाड आच्छादन घातले तर मे महिन्यातही आठवड्याला दोनदा पाणी पुरते, परंतु हे आच्छादन बुंध्याला चिकटू देऊ नये. पावसाळ्यात बाहेरच्या वरंब्याला उताराच्या बाजूने तोंड पाडून साचलेले पाणी काढून द्यावे. जुलैमध्ये हे काम राहून गेले की त्याचे परिणाम दिवाळीनंतर दिसू लागतात.

बुंध्याच्या रक्षणासाठी बोर्डो मलम लावण्याची पद्धत फ्रान्समधल्या बोर्डो परिसरातून आली, जिथे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मोरचूद व चुना यांचे मिश्रण द्राक्षांच्या केवडा रोगावर गुणकारी असल्याचे दाखवून दिले. एका झाडापुरते मलम घरीही होते. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवावे, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये भिजवून गाळून घ्यावा, आणि दोन्ही एकत्र ओतत सतत ढवळावे. आकाशी रंगाची दाट पेज तयार होते. तिच्यात लोखंडी सुरीचे पाते मिनिटभर बुडवून बाहेर काढावे. पात्यावर तांबूस थर चढलेला दिसला तर मोकळे तांबे शिल्लक आहे व ते साल भाजू शकते असे समजावे आणि पाते स्वच्छ निघेपर्यंत थोडी थोडी चुन्याची निवळी घालत जावी. हे मलम त्याच दिवशी जमिनीपासून तीन फूट उंचीपर्यंत ब्रशने लावावे, एकदा मेअखेर आणि एकदा ऑक्टोबरमध्ये. डिंक्या आधीच लागला असेल तर सडलेली साल धारदार चाकूने निरोगी, ओल्या पांढुरक्या भागापर्यंत खरवडून मग मलम लावावे व खरवडलेले तुकडे जाळून टाकावेत.

अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, म्हणजे ज्या प्रदेशातले भूजल मुळातच क्षारयुक्त आहे असा पट्टा. दर्यापूरसारख्या भागात विंधनविहिरीच्या पाण्यावर लिंबू जगवण्याचे प्रयत्न बहुधा वाया जातात, कारण लिंबूवर्गीय झाडे क्षारांच्या बाबतीत सर्वांत नाजूक फळझाडांत गणली जातात. पानांची टोके आधी तपकिरी होतात, मग कडा जळतात आणि शेवटी पाने गळून काड्या उघड्या पडतात. तिथे छतावरचे पावसाचे पाणी साठवून देता येत असेल किंवा नळयोजनेचे गोडे पाणी पुरेसे असेल तरच हे झाड लावण्यात अर्थ आहे. एरवी त्या मातीत आणि त्या पाण्यावर बोर लावणे अधिक शहाणपणाचे.

वऱ्हाडातले बागाईतदार फुलोऱ्याला बहार म्हणतात आणि वर्षात तीन बहार मानतात. जानेवारी-फेब्रुवारीत आंब्याच्या मोहोराबरोबर येतो तो आंबिया, पावसाच्या सुरुवातीला मृग नक्षत्राच्या सुमारास येतो तो मृग, आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये हस्त नक्षत्राच्या आसपास येतो तो हस्त. लिंबाच्या एकूण फुलोऱ्यापैकी ढोबळमानाने साठ टक्के आंबियात, तीस टक्के मृगात आणि जेमतेम दहा टक्के हस्तात येतो. फुलापासून तोडणीला पाच-सहा महिने लागत असल्यामुळे निसर्गाचा हिशेब माणसाच्या गरजेच्या नेमका विरुद्ध पडतो: आंबियाची फळे पावसाळ्यात येतात तेव्हा सरबताला कोणी विचारत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात सर्वांना लिंबू हवे असते तेव्हा झाडावर हस्ताची मोजकीच फळे असतात. एप्रिल २०२२ मध्ये देशातल्या अनेक शहरांत लिंबू किलोला दोनशे रुपयांच्या वर गेले होते, त्यामागे ही तफावत होतीच.

झाड फुलण्यासाठी त्याची पालवीची वाढ काही काळ थांबावी लागते, आणि ती थांबवण्याचा जुना मार्ग म्हणजे पाणी तोडणे, ज्याला ताण देणे म्हणतात. ताणाच्या काळात पाने मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, झाडात पिष्टमय अन्नाचा साठा वाढतो, आणि पुन्हा पाणी मिळताच नव्या फुटीबरोबर कळ्या बाहेर पडतात. हलक्या जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो, तर पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत त्याला दोन महिन्यांपर्यंत लागू शकतात. हस्त बहाराची अडचण अशी की त्यासाठीचा ताण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये द्यायचा असतो आणि तेव्हा आकाशातून पाणी पडत असते. म्हणून व्यापारी बागांत वाढ रोखणाऱ्या सायकोसेलसारख्या संजीवकांची फवारणी करून हा बहार धरतात. परसातल्या एका झाडासाठी हा खटाटोप करण्याचे कारण दिसत नाही. घरच्या झाडावर वर्षभर चार-दोन लिंबे असणे हे एकदम पाचशे लिंबे येण्यापेक्षा केव्हाही उपयोगाचे, तेव्हा डिसेंबरात पाणी हळूहळू कमी करत महिना-दीड महिना सौम्य ताण द्यावा आणि पाने मलूल होऊन थोडी पिवळी पडू लागली की तो तोडावा. ताण तोडताना पहिले पाणी अगदी हलके द्यायचे असते, त्याला आंबवणी म्हणतात, आणि त्यानंतर काही दिवसांनी दिलेल्या दुसऱ्या पाण्याला चिंबवणी. वाळलेल्या मुळांवर एकदम भरपूर पाणी सोडले तर कळ्यांऐवजी पालवीच फुटते किंवा आलेली फुले सरसकट गळतात. थोडी फूलगळ मात्र स्वाभाविक आहे, शंभर फुलांतली मोजकीच फळे होतात, आणि अंगणात पडलेला पांढरा सडा पाहून औषधांच्या दुकानाकडे धाव घेऊ नये.

खतांबद्दल थोडक्यात सांगायचे तर पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला सुमारे सहाशे ग्रॅम नत्र लागते, ज्यातला काही भाग दोन-तीन टोपल्या शेणखतातून व निंबोळी पेंडीतून जातो व उरलेला दोन-तीन हप्त्यांत देता येतो. चुनखडीयुक्त जमिनीत लोह व जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. मग नवी पाने पिवळी पडतात पण त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. जुनी पाने पिवळी असतील तर नत्राची उणीव, नवी असतील तर या सूक्ष्म अन्नद्रव्यांची, एवढा भेद लक्षात ठेवला तरी बरीच चुकीची खते वाचतात.

कोवळ्या पालवीवर पावसाळ्यात एक अळी हमखास दिसते. लहानपणी ती काळपट-तपकिरी असून तिच्यावर पांढरा डाग असतो, त्यामुळे पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असेच वाटते आणि पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाल्यावर ती पानाच्या रंगाची हिरवी होते. तिला काडीने डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. काळ्या-पिवळ्या नक्षीच्या लिंबू फुलपाखराची ही अळी असून लहान रोप ती दोन दिवसांत निष्पर्ण करू शकते, मात्र परसातल्या झाडावर ती हाताने वेचणे पुरेसे होते, आणि मोठ्या झाडावर दोन-चार अळ्या राहू दिल्या तर काही बिघडत नाही. पानांत चंदेरी वेडीवाकडी वाट कोरणारी नागअळी दिसायला क्षुद्र पण अधिक त्रासदायक आहे, कारण तिने केलेल्या जखमांतून खैऱ्या रोगाचे जिवाणू आत शिरतात. खैऱ्यात पाने, काड्या व फळे यांवर खरखरीत तपकिरी फोड उठतात, पानांवर त्यांच्याभोवती पिवळे वलय असते, आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर तो पसरतो. रोगट काड्या पावसाळ्यापूर्वी छाटून जाळणे व ताम्रयुक्त औषध फवारणे एवढे त्यावर करता येते. अशा लिंबाचा रस खुशाल वापरावा. पानांवर काजळी धरली असेल तर ती काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढलेली बुरशी असते, तिला संत्रा बागाईतदार कोळशी म्हणतात, आणि पानांच्या खालच्या बाजूने निंबोळी अर्क मारल्यास ती आटोक्यात येते. छाटणी जपूनच करावी: वाळलेल्या काड्या, म्हणजे सल, आणि खोडातून सरळ वर जाणारे, रस ओढणारे पण फळ न देणारे जोमदार फुटवे, ज्यांना पानसोट म्हणतात, एवढेच काढावेत.

बियांपासून लावलेले झाड चौथ्या-पाचव्या वर्षी फळ देऊ लागते. गर्द हिरवा रंग उजळून साल नितळ व किंचित पिवळसर झाली की फळ रसाने भरलेले असते. ते ओरबाडून न काढता देठाचा बारीक तुकडा ठेवून कात्रीने कापले तर अधिक दिवस टिकते. लोणच्यासाठी मात्र पूर्ण पिवळी झालेली, पातळ सालीची फळे निवडावीत, कारण मिठात मुरताना हिरव्या सालीचा कडवटपणा लवकर जात नाही. लिंबाच्या रसात सहा ते आठ टक्के सायट्रिक आम्ल असते आणि दर शंभर ग्रॅममागे सुमारे तीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, जे उष्णतेने नष्ट होते. म्हणून वरणावर, पोह्यांवर किंवा भाजीवर लिंबू भांडे खाली उतरवल्यावर पिळणे योग्य. ब्रिटिश नौदलाला या जीवनसत्त्वाच्या नाजूकपणाची किंमत मोजावी लागली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजमधल्या, कागदी लिंबाच्याच जातीच्या फळांचा साठवलेला रस वापरायला सुरुवात केली, ज्यात हे जीवनसत्त्व फारच कमी उरत असे, आणि १८७५ च्या आर्क्टिक मोहिमेतले खलाशी रस घेऊनही स्कर्व्हीने, म्हणजे हिरड्या सुजून रक्त येण्याच्या रोगाने, आजारी पडले. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. लग्नाच्या मांडवात सरबतासाठी शेकडो लिंबे पिळणाऱ्यांच्या हातांवर सालीतली काही द्रव्ये राहतात, ती उन्हाच्या संपर्काने त्वचा भाजतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटलेले काळपट डाग कित्येक आठवडे जात नाहीत. उन्हात जाण्यापूर्वी साबणाने हात धुतले की हे टळते.

चांगली निगा राखलेले झाड वीस-पंचवीस वर्षे फळ देते. पुढे फळे लहान होतात, सल वाढते आणि एखादी बाजू वाळू लागते. खोडाची साल शाबूत असेल तर वाळलेल्या फांद्या जिवंत लाकडापर्यंत छाटून, कापांवर बोर्डो मलम लावून ते आणखी काही वर्षे चालवता येते. डिंक्याने मेलेल्या झाडाच्या खड्ड्यात मात्र नवे लिंबू लावू नये, कारण सडक्या मुळांबरोबर रोगाचे बीजाणू त्या मातीत राहिलेले असतात. तिथे दुसऱ्या कुळातले सीताफळ किंवा शेवगा लावावा, आणि लिंबासाठी मोरीपासून दूरची, उंचवट्याची जागा शोधावी.